वांबा राजाचा न्हावी

८ सप्टेंबर, सोमवार

आज केस कापून घेताना मास्तरांनी मध्येच विचारलं, "रवी, आपण काय कापतोय हे त्या माणसाला ठाऊक असेल का रे?"

मी कात्री थांबवली. "कुठल्या माणसाला?"

"वांबाच्या न्हाव्याला."

हे कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं, म्हणून मुलीची, रेवाची, एक कोरी वही मागून घेतली. बारावीनंतर मराठीत अर्जांखेरीज काही लिहिलेलं नाही. अक्षर फार बिघडलंय.

मास्तर म्हणजे डर्कन मास्तर, वय चौऱ्याऐंशी. डब्लिनपासून तीन तासांवरचं कासलबार, तिथून वीस मिनिटांवर त्यांचं गाव. तिथल्या शाळेत त्यांनी चाळीस वर्षं शिकवलं. इथेही खेड्यातल्या शिक्षकाला 'मास्टर' म्हणतात आणि तो घरी बसला तरी मास्टरच राहतो. माझी बायको सुलेखा नर्स म्हणून या देशात आली, तिच्या मागून मी आणि रेवा. गेली तीन वर्षं मी सकाळी नऊ ते एक मास्तरांकडे असतो. आंघोळ, गोळ्या, नाश्ता, अंगणात दोन फेऱ्या.

त्यांचे केस पांढरेशुभ्र, खांद्यापर्यंत. टोकं तेवढी मी महिन्याला कापतो. केस लांब का ठेवलेत, ते आज कळलं. स्पेनमध्ये साडेतेराशे वर्षांपूर्वी वांबा नावाचा राजा होऊन गेला. त्या लोकांत राजा केस राखायचा. ज्याची टाळू भादरली तो संन्यासी, त्याला पुन्हा राज्य नाही. सन ६८० मध्ये ऑक्टोबरच्या चौदा तारखेला वांबा एकाएकी बेशुद्ध पडला. आता हा जातो, असं समजून बिशपनं त्याला अखेरची दीक्षा दिली, टाळू भादरून घेतली. आणि राजा वाचला. शुद्धीवर आला तेव्हा तो राजा नव्हता. आठवड्याभरात एर्विग नावाचा सरदार गादीवर बसला. बेशुद्धीत दिलेली दीक्षासुद्धा मोडता येणार नाही, असा ठराव त्यांच्या धर्मसभेनं करून टाकला. वांबा मठात गेला, तिथे आणखी सातेक वर्षं जगला, परत आला नाही.

तो परत का आला नाही, यावर मास्तर तीस वर्षं पुस्तक लिहिताहेत. निळ्या वह्यांचे ढीग आहेत. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलंय.

"बिशपचं नाव आहे, सरदाराचं आहे," ते म्हणाले, "वस्तरा कोणाच्या हातात होता, ते कोणी लिहिलं नाही. मलाही आजवर सुचलं नाही."

तेव्हा मी त्यांना सांगितलं, की आम्ही न्हावी. वडील, आजोबा, त्यांच्या आधीचे सगळे. माण तालुक्यातलं गाव, पिंपळाच्या पारावर आमचं दुकान. दुकान म्हणजे एक आरसा आणि हत्यारांची धोपटी. तात्यांचा, म्हणजे वडिलांचा, एक नेम होता. गिऱ्हाईक समोर बसलं तरी "लावू का हात?" असं विचारायचं आणि तो हो म्हणेपर्यंत डोक्याला शिवायचं नाही. पाटील असो, नाहीतर चार वर्षांचं पोर. न विचारता फक्त मेलेल्या माणसाची दाढी करायची, कारण तो उत्तर देऊ शकत नाही.

मास्तरांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हे तू मला तीन वर्षं सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

खूप हसले.

११ सप्टेंबर, गुरुवार

डेक्लन आला होता. मास्तरांचा मुलगा, पंचावन्नचा असेल. शाळेची बस चालवतो, मेंढ्या आहेत, पलीकडच्या वळणावर घर. रोज सकाळी, दुपारी, रात्री बापाकडे येतो. दारातून आत येतानाच म्हणाला, "काय म्हणतोय तुमचा वांबा? अजून भादरलेलाच का?"

मास्तर मला म्हणाले, "याला सात वर्षांचा असल्यापासून ही गोष्ट सांगतोय. शाळेत निबंधातसुद्धा लिहिली होती यानं. स्पेलिंगं सगळी चुकली."

"आणि तुम्ही वर्गात उभं करून सगळ्यांना वाचून दाखवलीत," डेक्लन म्हणाला. हसत म्हणाला, पण कप जरा जोरात ठेवला.

नंतर बाहेर गाडीपाशी त्यानं मला गाठलं. कासलबारच्या बाजूला एका वृद्धाश्रमात खोली रिकामी होतेय. बाप ऐकत नाही. "याच स्वयंपाकघरात मरणार म्हणतो. आईला जाऊन सहा वर्षं झाली, रवी. सहा वर्षांत एक रात्र मी गावाबाहेर काढलेली नाही."

मास्तरांनीच पूर्वी वकिलाकडे एक कागद करून ठेवलाय. आपली समज गेली असं डॉक्टरनं ठरवलं, तर पुढचं सगळं डेक्लननं ठरवायचं. पण समज आहे तोवर नाही. आणि समज आहे. माझ्यापेक्षा जास्त आहे.

मास्तर परत आत बोलावून म्हणाले, "वांबाला मुलगा नव्हता, हे तुला सांगायचं राहिलं. राज्य नको म्हणत होता. म्हातारा झालोय म्हणाला. तर एकानं तलवार उपसली, राजा हो नाहीतर इथेच मर म्हणाला. म्हणून झाला." मग आवाज उतरवून, "मुलगा असता तर जरा वेगळं झालं असतं. कदाचित वाईट."

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री अमावस्या. घरामागच्या अंगणात तर्पण केलं. काळे तीळ डब्लिनहून मागवले होते. ज्यांची नावं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठीही पाणी सोडतात. ते सोडताना तो न्हावी डोक्यात आला. परक्या धर्माचा, परक्या मुलखातला. मी पाणी सोडलं. चूक केली का, कळत नाही.

तात्या गेले त्या वर्षी विमानं बंद होती. मी इथे न्हाणीघरात आरशासमोर स्वतःच्या हातानं डोकं भादरलं. न्हाव्याच्या पोराला न्हावी मिळाला नाही. बाप असेतोवर आमच्यात कोणी गोटा करत नाही. त्यामुळे पहिला वस्तरा लागला की आपण कोण झालो ते हाताला कळतं.

रेवा खिडकीतून बघत होती. "बाबा, शेजारच्या बाईंना वाटतंय तुम्ही झाडांना पाणी घालताय. ग्रँड जॉब, म्हणाल्या."

काल आणि आज भांडी घासताना दोनदा वाटलं, मागे कोणी उभं आहे. ओल्या केसांचा वास आला. सुलेखाला सांगितलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मास्तर शनिवारपासून तापात आहेत. आज हाक मारली तर डोळे उघडले नाहीत. डॉक्टर येऊन गेले. लघवीतला जंतू डोक्यापर्यंत चढलाय म्हणाले, औषध दिलंय, या वयात सांगता येत नाही. दुपारी फादर आले. मरणाऱ्याला लावतात तसं कपाळाला तेल लावलं, हातांना लावलं. डेक्लन गुडघ्यावर बसला होता. मी दाराशी उभा राहून आपलं नामस्मरण करत होतो. फादर जाताना माझ्याही खांद्यावर हात ठेवून गेले.

उद्या त्यांना त्या वृद्धाश्रमात हलवणार. तिथे चोवीस तास नर्स आहे. इथे एकटं ठेवणं शक्य नाही, हे मलाही दिसतंय.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

जसं झालं तसं लिहितो.

साडेनऊला अंग पुसलं. केस घामानं चिकटून गुंता झाला होता, मानेला पुरळ उठलं होतं. डेक्लन पिशवी भरत होता. म्हणाला, "केस काढून टाक. सगळे, अगदी बारीक. तिथे त्यांना सोपं जाईल."

मी म्हटलं, "गुंता सोडवतो मी. वेळ आहे."

"रवी, अकराला गाडी येतेय. तूच न्हावी आहेस ना?"

मी प्रेसमधून केस कापायचं मशीन काढलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मास्तरांच्या मानेखाली टॉवेल सरकवला. डावीकडून सुरुवात केली. हात आपोआप चालतो, त्याला विचारावं लागत नाही. मध्ये एकदा मास्तरांच्या पापण्या हलल्या. मी थांबलो नाही. सहा-सात मिनिटं लागली असतील. केस उशीवर पडले होते ते मी गोळा करून पेपरात बांधले. डेक्लन दाराशी उभा होता, पूर्ण वेळ. थँक्यू म्हणाला नाही. एरवी पाण्याचा पेला दिला तरी म्हणतो.

गाडी आली, गेली. मी भांडी आवरायला स्वयंपाकघरात आलो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेभोवती मास्तरांनी निळ्या पेनानं गोल काढलाय. दर वर्षी काढतात. गेल्या वर्षी या दिवशी त्यांनी मला केक खायला घातला होता.

मी विचारलं नाही. तात्यांचा नेम पन्नाशीला आलेल्या मुलानं मोडला, आणि तोही अशा माणसावर, जो जिवंत होता.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मास्तर वाचले. सकाळी चहा मागितला म्हणे.

२० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशी. पहाटे सुलेखानं तेल लावायला बसवलं. तिची बोटं टाळूवर फिरली आणि मी उठून उभा राहिलो. पाट उलटला.

"अहो, काय झालंय तुम्हाला? आठ दिवस बघतेय मी."

सगळं सांगितलं. ती तेलाची वाटी हातात धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "केस आहेत. वाढतील. आमच्या वॉर्डात रोज काढतात."

"तुमच्या वॉर्डात वांबा नाही."

"कोण बाई हा वांबा? मेलाय ना तो?" मग जरा मऊ होऊन, "त्यांना जाऊन भेटा. घरात बसून वही काळी करून काय होणार? आधी बसा खाली, पाणी निवतंय."

रेवा म्हणाली, "इट्स ओन्ली हेअर, बाबा." दोन्ही मायलेकी एकच बोलल्या, भाषा तेवढी वेगळी.

फराळाला बसलो. सारखं एकच दिसतं. तोलेदो शहर. राजवाड्यातून तो माणूस घरी येतो. हात धुतलेले असतात, तरी परत धुतो. बायको विचारते, आज कुठं होतात? तो म्हणतो, एका आजारी म्हाताऱ्याचे केस काढले. ती म्हणते, बरं केलंत. आठ दिवसांनी नव्या राजाची मिरवणूक दारावरून जाते आणि मुलं बघायला धावतात. तेव्हा तो कुठे बसला असेल? मला वाटतं, आमच्या स्वयंपाकघरात बसतो. सिंकच्या बाजूच्या खुर्चीवर. बोलत नाही, काही मागत नाही. जा असं कोणी म्हणेपर्यंत थांबलेल्या माणसासारखा बसतो. दिवा लावताना मी त्याच्याकडे पाठ करत नाही.

आमच्यात जुने लोक एक गोष्ट सांगायचे. भक्त पूजेत गुंतला, म्हणून देव स्वतः न्हाव्याचं रूप घेऊन राजाची हजामत करायला गेला. लहानपणी फार आवडायची. आता वाटतं, त्या दिवशी देव माझ्या जागी यायला हवा होता. त्यानं नक्की विचारलं असतं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

गेलो. खोली स्वच्छ, खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. मास्तर खुर्चीत बसले होते. डोकं इतकं लहान दिसलं की मी आधी दुसऱ्याच खोलीत आलो असं वाटलं. समज पूर्ण शाबूत. कोणत्या दिवशी काय जेवण ते सांगितलं, बटाटे कच्चे असतात असं म्हणाले, समोरच्या खोलीतल्या बाई त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी आहेत आणि अजून पाढे चुकतात म्हणाले.

मग हात डोक्यावरून फिरवला. "सफाईनं केलंस. एक ओरखडा नाही."

मी म्हटलं, "मास्तर, मी तुम्हाला विचारलं नाही."

"नाहीस."

"डेक्लननं सांगितलं."

"ते मी ओळखलं." मग, "म्हणजे आता तुला ठाऊक आहे, त्याला कसं वाटलं असेल. कोणालाच ठाऊक नव्हतं. सांग."

मी सांगायचा प्रयत्न केला. इंग्रजीत नीट जमलं नाही. एवढंच म्हणालो, की काम चालू असताना काहीच वाटत नाही, नंतर ते संपत नाही. मास्तरांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि मला त्याचा रागही आला आणि बरंही वाटलं.

निघताना माझं मनगट धरलं. पाच तारखेला इथे बैठक आहे. डॉक्टर त्यांची समज तपासणार. समज आहे असं ठरलं तर ते घरी जाऊ शकतात, नसेल तर डेक्लनचा कागद लागू होणार आणि घर बंद. "तुला बोलावतील. तू तीन वर्षं रोज बघितलंयस. खरं ते सांग. मला घरी जायचंय, रवी."

मी हो म्हटलं. तात्यांची शपथ घेऊन म्हटलं, मराठीत. त्यांना कळलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

मास्तरांच्या वह्या आणायला त्यांच्या घरी गेलो. वाटलं होतं कोणी नसेल. डेक्लन टेबलाशी बसला होता, चूल पेटवलेली नव्हती. मला बघून दचकला नाही. चहा करू का म्हणाला आणि केला नाही.

मी सरळ सांगितलं, की पाच तारखेला मी खरं ते बोलणार आहे. मास्तर ठणठणीत आहेत.

"माहितेय मला," तो म्हणाला. "माझ्याशी तर रोज भांडतात."

मग म्हणाला, "चौदा दिवस झोपतोय मी. रोज नऊ तास. देवा, मला क्षमा कर, पण झोपतोय. सहा वर्षं फोन उशाशी ठेवून एका कानानं झोपलो. दोनदा ते पडले तेव्हा रात्री मीच उचललं. हे त्यांना आठवत नाही, वांबाची सगळी सालं आठवतात."

मी वह्या पिशवीत भरत होतो. तो माझ्या पाठीला म्हणाला, "तारीख मला माहीत होती, रवी."

मी वळलो.

"केस काढायला सांगितलं तेव्हा. आमच्या घरात ती तारीख ख्रिसमससारखी असते. मला वाटलं, जाग आली आणि डोक्याला हात लावला, की त्यांचं त्यांनाच कळेल. मला तोंडानं सांगावं लागणार नाही." टेबलावर नजर ठेवून म्हणाला, "स्वतः करायची हिंमत नव्हती. तू होतास."

मी शेवटची वही आत टाकली. पिशवी उचलून बाहेर आलो. बससाठी थांबलो. राग आला, असं मी आधी लिहिलं होतं, ते खोडलं. मला डेक्लनची दया आली. आणि दया आली याची भीती वाटली. एर्विगचीही कोणाला तरी आली असेलच.

हे मास्तरांना सांगावं का? त्यांना ठाऊक नसेल असं होईल का?

२ नोव्हेंबर, रविवार

इथला पितरांचा दिवस. चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. मी वह्या घेऊन वृद्धाश्रमात गेलो. दार अर्धवट उघडं होतं. डेक्लन मास्तरांच्या खाटेवर आडवा, बूट घातलेले, तोंड उघडं, गाढ झोपलेला. मास्तर खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होते. मला पाहून ओठांवर बोट ठेवलं.

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. डेक्लन घोरत होता. मास्तरांनी एकदा वाकून आपली शाल त्याच्या पायांवर टाकली. पडतील म्हणून मी पुढे झालो, तर हातानंच मागे सर म्हणाले.

हळू आवाजात विचारलं, "हा नेहमी असा झोपतो का?"

"मला काय माहीत, मास्तर?"

"मलाही नव्हतं," ते म्हणाले.

मग गोष्टीतलीच एक गाठ काढली. एर्विगनं पुढे आपली मुलगी वांबाच्या नात्यातल्या एगिकाला दिली, म्हणजे वैर मिटावं. एर्विग गेल्यावर एगिका राजा झाला. दोनशे वर्षांनी लिहिणारे म्हणतात, की म्हाताऱ्या वांबानंच त्याला मठातून निरोप पाठवला, त्या माणसाच्या मुलीला घराबाहेर काढ. "तीस वर्षं मी यावर अडलोय. सात वर्षं गप्प बसलेला माणूस शेवटी असा सूड घेईल का? मला वाटायचं, घेईल. मी घेतला असता."

 बुधवारी काय बोलायचं ते मी इंग्रजीत लिहून पाठ केलंय, असं सांगितलं. मास्तर हो हो म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं. बहुतेक दमले होते.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरी पौर्णिमा. सकाळी दिवे लावून निघालो. इस्त्रीचा शर्ट घातला. सुलेखा म्हणाली, "नीट बोला. हळू बोला. तुम्ही घाबरलात की घाईत बोलता."

डॉक्टर, एक समाजसेविका, डेक्लन, मी आणि मास्तर. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, खुर्ची जवळ ओढून बसल्या. म्हणाल्या, काही सोपे प्रश्न विचारते, रागावू नका.

"हे साल कुठलं, मिस्टर डर्कन?"

मास्तर ताठ बसले होते. म्हणाले, "सहाशे ऐंशी."

मला वाटलं, थट्टा करताहेत. डॉक्टरबाईंनाही वाटलं असावं, त्या हसल्या. "आणि आपण कुठे आहोत आत्ता?"

"तोलेदोला. पण मला मठात जायचंय. उशीर होतोय."

डेक्लनचा चेहरा पांढरा पडला. "डॅड," म्हणाला. नुसतं तेवढंच.

आणखी प्रश्न झाले. मास्तरांनी एकाचंही उत्तर बरोबर दिलं नाही. मुलाचं नाव विचारलं तेव्हा मात्र थांबले. डेक्लनकडे बघितलं. "हा चांगला माणूस आहे," म्हणाले, "नाव आठवत नाही."

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही यांना रोज पाहिलंय. तुमच्याबरोबरही हे असे असतात का?"

पाठ केलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. मास्तर माझ्याकडे बघत होते. वर्गात एखादा पोरगा उत्तर फोडायला निघाला की मास्तर बघतात, तसे. किंवा ते माझ्या मागच्या भिंतीकडे बघत असतील, रिकाम्या नजरेनं. दोन्हींतलं कुठलं, ते मी आता इतक्या तासांनी सांगू शकत नाही. ओल्या केसांचा वास आला.

मी म्हणालो, "कधी कधी."

डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

झोप नाही. मी खोटं बोललो का? मास्तरांची समज खरंच गेली असेल तर मी खरं बोललो. रविवारी त्यांचं लक्ष नव्हतं, हे खरंय. ताप डोक्यात चढला की कधी कधी असं नंतर उतरतं, सुलेखा म्हणते. पण तात्यांची शपथ घेतली होती. आणि मी ती मोडली तेव्हा डेक्लननं जीव वाचल्यासारखा सोडलेला श्वास मी ऐकला, आणि मलाही सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायची लाज वाटते.

सुलेखानं विचारलं, "मग घरी नेणार का त्यांना?" नाही म्हटलं.  तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दहा दिवस जायचं टाळत होतो. मास्तरांनीच नर्सकडून फोन करवला. पेन घेऊन ये, माझा हात चालत नाही, असा निरोप.

डेक्लन दोन रात्रींसाठी समुद्रावर गेलाय, एकटाच. त्यानं बापाला फोटो पाठवला होता. खडक, त्यावर डबा उघडून ठेवलेला, मागे पाणी. मास्तरांनी तो मला नाही दाखवला, फोन पालथा करून मांडीवर ठेवला होता. डेक्लननं तोच नर्सलाही पाठवला होता, तिनं दाखवला म्हणून मी पाहिला.

"लिही," म्हणाले.

शेवटचं प्रकरण सांगायला लागले. तासभर सांगत होते. एका जागी अडखळले नाहीत. कुठल्या धर्मसभेत काय ठरलं, एर्विगला कोणत्या तारखेला अभिषेक झाला, एगिका कधी गादीवर आला, सगळं ओळीनं. वांबानं एर्विगच्या मुलीला, म्हणजे एगिकाच्या बायकोला, घराबाहेर काढायचा निरोप धाडला हे मला मान्य नाही, असं लिहायला सांगितलं. पुरावा नाही, असंही लिहायला सांगितलं. "लिही, की त्याला राजा केलं तेव्हा छातीवर तलवार होती. परत यायचं तर ती दुसऱ्या कोणाच्या तरी छातीवर ठेवावी लागली असती. लिही, की मठातल्या त्या वर्षांत तो दुःखी होता असं कोणीही म्हटलेलं नाही. दुःखी असणारच. पण कोणी म्हटलेलं नाही."

मी लिहीत होतो. ती खुर्चीवर बसणारी आकृती आज घरून माझ्याबरोबर आली होती. खिडकीजवळ उभी होती, आणि मला तिची सवय होऊ लागलीय.

मध्ये मी विचारलं, "मास्तर, न्हाव्याचं काय लिहू?"

त्यांनी विचार केला. "लिही, की एक न्हावी होता. त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. दोन्ही वेळा."

"दोन वेळा?"

"खोड ते," म्हणाले. "एकदाच लिही."

मी खोडलं. पान संपलं. मी विचारलं, खाली तारीख घालायची का? घाल म्हणाले. पेन टेकवून मी थांबलो. कोणती घालू, असं विचारलं.

मास्तर माझ्याकडे बघत होते. आजची तारीख सांगितली. वारासकट, सालासकट.

मी ती घातली.